हिरवे कार्ड आणि पेल्यातले पाणी

‘शुद्ध पाणी रंगहीन, गंधहीन व चवहीन असते.’ हे वाक्य शाळेत पाठ न केलेला मराठी माणूस विरळाच. रसायनशास्त्रातल्या शुद्ध पाण्यापुरते ते बरोबरही आहे. परंतु मुले ते पाठ करतात ती पिण्याच्या पाण्याची कसोटी म्हणून, आणि त्या कामी हे वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे. लिटरमागे लाखो जंतू असले तरी पाणी नितळ दिसू शकते. नायट्रेटला वास नाही, फ्लोराइडला रंग नाही. उलट योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेल्या, म्हणजे त्यातल्या त्यात सुरक्षित अशा पाण्याला हलका वास येतो. पाठातली कसोटी प्रामाणिकपणे लावली तर मूल क्लोरीनचे पाणी ओतून देईल आणि उघड्या विहिरीचे गोड पाणी पसंत करील. खेड्यापाड्यांत मोठी माणसेही हेच करतात. ‘नळाच्या पाण्याले पावडरचा वास येते’ ही तक्रार वऱ्हाडात कोणी ऐकली नाही?

म्हणून या लेखात आम्ही पाण्याच्या रंग-वासाकडे न पाहता पाण्याविषयीच्या कागदांकडे पाहणार आहोत. पिण्याचे पाणी सुरक्षित आहे, असे सांगणारे तीन कागद आपल्याकडे आहेत: राष्ट्रीय मानक, ग्रामपंचायतीला मिळणारे रंगीत कार्ड आणि प्रयोगशाळेचा अहवाल. प्रत्येकाचा गुण कोणता आणि तो कोठे अपुरा पडतो, याची परीक्षा आपण करू. डोळ्यांसमोर वरूड तालुका ठेवू. कारण येथे पाण्याचे जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र भेटतात.

वरूडची पाणीयोजना

वरूड सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ चुडामणी नदीच्या काठी वसले आहे. वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्यासाठी सर्वांना माहीत आहे. वरूड आणि शेंदुरजनाघाट येथे नगरपरिषदा आहेत. जरूड, बेनोडा, लोणी, पुसला, राजुरा बाजार अशा गावांत ग्रामपंचायती आहेत. अशा गावातली पाणीयोजना ढोबळमानाने सारखीच असते. एक विहीर किंवा बोअर, एक विजेचा पंप, एक उंच टाकी, काही किलोमीटर नळ आणि हे सगळे सांभाळणारा एक पाणीपुरवठा कर्मचारी. शहरातल्या योजनेत गाळणी असते, प्रयोगशाळा असते, रसायनतज्ज्ञ असतो. येथे पंप सुरू करणारा, व्हॉल्व्ह फिरवणारा, पावडर टाकणारा आणि फुटलेला नळ जोडणारा माणूस बहुधा एकच असतो.

छोट्या योजनेचे दुबळेपण येथेच आहे. पाण्याचे भौतिक व रासायनिक नियम मोठ्या शहरात आणि लहान गावात सारखेच. परंतु शहरात एक माणूस चुकला तर दुसरा ती चूक पकडू शकतो. गावात दुसरा माणूस नसतो, म्हणून तेथे कागदावर अधिक विश्वास ठेवावा लागतो. तो कागद कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

पहिला कागद: मानक

भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक आय.एस. १०५०० या क्रमांकाने ओळखले जाते. ते १९८३ मध्ये निघाले, १९९१ मध्ये सुधारले आणि २०१२ मध्ये दुसऱ्यांदा सुधारले. त्यात बहुतेक घटकांसाठी दोन रकाने आहेत. पहिला ‘स्वीकारार्ह मर्यादा’ आणि दुसरा ‘पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा’. विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम स्वीकारार्ह आणि २००० अनुज्ञेय. एकूण कठीणपणा २०० आणि ६००. फ्लोराइड १.० आणि १.५. नायट्रेटला मात्र ४५ मिलिग्रॅमच्या वर सूट नाही. आणि ई. कोलाय हे विष्ठेतून येणारे जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये.

या मानकाची एक बाजू आम्हांला मनापासून आवडते. दुसरा रकाना हा वास्तवाशी केलेला प्रामाणिक व्यवहार आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात क्षारांची ५०० ची मर्यादा सक्तीची केली असती तर असंख्य विहिरी एका दिवसात बाद ठरल्या असत्या आणि लोकांना प्यायला काही उरले नसते. जे ताबडतोब मारते त्याला सूट नाही, जे चव बिघडवते किंवा दीर्घकाळाने त्रास देते त्याला परिस्थितीनुसार थोडी सूट, असा विवेक या तक्त्यामागे आहे.

पण सूट देताना घातलेली अट व्यवहारात गळून पडते. ‘पर्यायी स्रोत नसल्यास’ हे शब्द मानकात आहेत, पर्यायी स्रोत शोधला की नाही हे विचारणारे मात्र कोणी नाही. परिणामी अनुज्ञेय मर्यादा हीच एकमेव मर्यादा होऊन बसते. १८०० मिलिग्रॅम क्षारांच्या पाण्यावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का बसतो आणि तात्पुरती सूट कायमची होते. सूट कायमची नाही हे अकोला जिल्ह्यानेच दाखवले आहे. वान प्रकल्पाचे पाणी ८४ खेडी योजनेतून खारपाणपट्ट्यात नेले गेले, म्हणजे पर्यायी स्रोत शोधला गेला. जेथे तो शोधता येतो तेथे दुसरा रकाना वापरणे ही पळवाट आहे.

दुसरी त्रुटी अधिक मोठी. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी हे मानक मार्गदर्शक आहे. केवळ ते पाळले नाही म्हणून पाणीपुरवठा करणाऱ्यावर आपोआप गुन्हा दाखल होत नाही. अमेरिकेत १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्याने बंधनकारक मर्यादा आणल्या. तेथे वर्षभर राहणाऱ्या केवळ २५ माणसांना किंवा १५ जोडण्यांना पाणी देणारी योजनाही ‘सामुदायिक योजना’ ठरते आणि तिला नियम लागू होतात. १९९६ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक योजनेने ग्राहकांना दरवर्षी पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. कायदा असूनही २०१४ नंतर फ्लिंट शहरातल्या नळांत शिसे उतरलेच, तेव्हा कायदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. परंतु फ्लिंटच्या लोकांना बोट ठेवायला एक आकडा आणि एक कलम होते. आपल्या गावकऱ्याला नळाच्या पाण्याबद्दल तक्रार करायची तर तो कोणत्या आकड्यावर बोट ठेवणार?

दुसरा कागद: रंगीत कार्ड

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगली कल्पना राबवली. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा किंवा शौचालय आहे का, नळाला गळती आहे का, विरंजक चूर्ण नीट ठेवले आहे का, अशा गोष्टी पाहून जोखमीचे गुण दिले जातात. जोखीम ७० टक्के वा अधिक असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड, ३० ते ६९ असेल तर पिवळे आणि ३० च्या आत असेल तर हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहिले आणि साथ आली नाही तर चंदेरी कार्ड.

ही पद्धत शास्त्रीय दृष्ट्या योग्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पाण्याचा नमुना आज काय आहे ते सांगतो, सर्वेक्षण उद्या काय होऊ शकते ते सांगते. उकिरड्याशेजारची विहीर आज शुद्ध असली तरी पहिल्या पावसात ती बिघडेल, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. पायी फिरणारा आरोग्यसेवक सांगू शकतो. रंगाची भाषा निरक्षरालाही कळते. कागदी कारभारात इतकी सुबोध गोष्ट क्वचितच सापडते.

परंतु कार्ड जोखमीचे आहे आणि लोक ते पाण्याचे समजतात. ‘आमच्या गावाला हिरवे कार्ड आहे’ म्हणजे ‘आमचे पाणी शुद्ध आहे’ असा अर्थ घेतला जातो. आणखी असे की कार्ड सहा महिने टिकते, योजना मात्र एका दिवसात कोलमडू शकते.

याचे दुःखद उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी, कोयलारी या मेळघाटातल्या गावांत कॉलऱ्याची साथ आली. अमरावती तालुक्यातील नया अकोला येथेही रुग्ण आढळले. जुलैच्या मध्यापर्यंत शासनाच्या अहवालानुसार रुग्णांची संख्या १८१ आणि मृत्यू पाच होते. वीजबिल थकल्याने नळयोजनेची वीज तोडली गेली होती आणि लोकांना उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातून पसरतो हे रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात काम करून दाखवून दिले. पुढे १३८ वर्षांनी आपल्याकडे त्याच रोगाने माणसे दगावली. विज्ञान अपुरे पडले म्हणून हे घडले नाही. पंप थांबला तर लोक काय पितील, या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवून ठेवलेले नव्हते. आमच्या मते कोणत्याही सर्वेक्षणात हा पहिला प्रश्न असावा. पावसाळ्याआधी गावाच्या पाणीयोजनेचे वीजबिल भरले आहे की नाही, ही आरोग्याची बाब आहे.

तिसरा कागद: प्रयोगशाळेचा अहवाल

सर्वसाधारण वेळापत्रक असे: रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक तपासणी वर्षातून दोनदा. क्षार, कठीणपणा, फ्लोराइड या गोष्टी हळूहळू बदलतात, म्हणून रासायनिक तपासणीचे वेळापत्रक बऱ्याच अंशी चालण्यासारखे आहे. जंतूंचे तसे नाही. येथे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना संभाव्यतेचे एक सोपे गणित घालता येईल.

समजा एका गावाचे पाणी वर्षातले १८ दिवस दूषित असते, म्हणजे सुमारे ५ टक्के दिवस. कोणत्याही एका दिवशी घेतलेला नमुना शुद्ध निघण्याची शक्यता ०.९५. दोन नमुने दोन्ही शुद्ध निघण्याची शक्यता ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे सुमारे ०.९०. याचा अर्थ असा की वर्षातले १८ दिवस दूषित पाणी पिणाऱ्या गावाला शंभरातून नव्वद वेळा ‘पाणी योग्य’ असा अहवाल मिळेल. दरमहा एक नमुना घेतला तरी बाराही नमुने शुद्ध निघण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के. दर आठवड्याला घेतला तर ती ७ टक्क्यांवर येते.

प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट असते. दूषित दिवस वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. ते पहिल्या मोठ्या पावसात, वीज गेल्यावर, नळ फुटल्यावर येतात, आणि नेमक्या अशा दिवशी नमुना घेऊन कोणी तालुक्याला जात नाही. नमुना कोठे घेतला हेही पाहिले पाहिजे. विहिरीवर घेतलेला नमुना नळातल्या पाण्याविषयी काहीच सांगत नाही. दिवसाआड तासभर पाणी सोडले जाते तेव्हा उरलेल्या वेळात नळ रिकामे असतात. नालीतून गेलेल्या नळाला चीर असेल तर बाहेरचे पाणी आत शिरते. त्यात कोणी थेट नळाला टिल्लू पंप लावला की तो शेजाऱ्याचे पाणी ओढतोच, त्याबरोबर नालीचेही ओढतो. विहीर निर्मळ, टाकी निर्मळ आणि शेवटच्या घरातला पेला दूषित, असे सहज घडते.

जैविक तपासणीची आणखी एक मर्यादा दिल्लीने दाखवून दिली. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत तेथे काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेतून पाणी घेण्याच्या जागेपाशी सांडपाणी शिरले होते. क्लोरीन वाढवल्याने जंतू मेले, हगवण-विषमज्वर वाढले नाहीत, पण विषाणू निसटला. तो हिपॅटायटिस-ई होता हे पुढे कित्येक वर्षांनी कळले. ई. कोलाय नसणे ही सुरक्षिततेची आवश्यक अट आहे, पुरेशी नाही, हा फरक गणिताच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा.

चौथा कागद, जो असायला हवा

मग उपाय काय? रोज जैविक तपासणी कोणत्याच गावाला परवडणार नाही, आणि तिचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात, तोपर्यंत पाणी पिऊन झालेले असते. रोज, पाच मिनिटांत आणि थोड्या पैशांत करता येईल अशी एकच चाचणी आहे: नळाच्या शेवटच्या टोकाला उरलेला क्लोरीन मोजणे. मानकात त्याचा आकडा दिला आहे. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा, विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. पाण्यात घाण शिरली की क्लोरीन ती मारण्यात खर्च होतो आणि आकडा शून्याकडे येतो. हा आकडा म्हणजे पाण्यात ठेवलेला पहारेकरी आहे. तो जागेवर नसला म्हणजे काहीतरी घडले आहे.

आता विरंजक चूर्णाचे गणित पाहू. गावात याला ‘टीसीएल पावडर’ म्हणतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ५०,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन घालायचा तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम पावडर. पण पोते उघडे राहिले, दमट कोठीत पडून राहिले, तर क्लोरीन उडून जातो. तो १० टक्क्यांवर आला असेल तर त्याच ३०० ग्रॅममध्ये फक्त ३० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम. वाटेतल्या घाणीत तो संपून जाईल आणि शेवटच्या घरापर्यंत काहीच पोचणार नाही. कर्मचाऱ्याने मात्र नेमाने रोज पावडर टाकलेली असेल आणि नोंदवहीत तसे लिहिलेही असेल. नोंद खरी आणि पाणी असुरक्षित, अशी ही विचित्र स्थिती. पावडर टाकल्याची नोंद आणि क्लोरीन उरल्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीवर भर दिला जातो.

दुसऱ्या नोंदीचेही सोंग करता येते, हे सांगितल्याशिवाय ही परीक्षा पुरी होणार नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे ४,८०० वस्तीचे गाव आहे. शेती आणि गुरांचा प्रदेश, विहिरींवरची छोटी पाणीयोजना. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातील शेणखताचे जंतू एका उथळ विहिरीत उतरले. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, सात दगावली. न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशीत जे बाहेर आले ते प्रत्येक पाणीपुरवठा समितीने वाचावे असे आहे. कर्मचारी रोज क्लोरीन मोजतच नव्हते. नोंदवहीत ०.५ किंवा ०.७५ असे ठरावीक आकडे भरून ठेवत होते. नमुने दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा निरोप आल्यावरही व्यवस्थापकाने तो आरोग्य अधिकाऱ्यांपासून दडवला. शेतकऱ्याने मात्र काही गैर केलेले नव्हते. रोज खरोखर क्लोरीन मोजला असता तर आपत्ती पुष्कळ कमी झाली असती, असा निष्कर्ष निघाला.

वॉकर्टनमध्ये पैसा होता, यंत्रे होती, कायदा होता. जे नव्हते ते म्हणजे नोंदवही पाहणारा तिसरा डोळा. जो काम करतो तोच नोंद करतो आणि तीच नोंद वर जाते, तेथे आकडे हळूहळू गोल, सारखे आणि निर्दोष होऊ लागतात. महिनाभर रोज तोच आकडा असलेली नोंदवही दिसली की विज्ञानाच्या शिक्षकाला शंका आली पाहिजे. खरी मोजमापे अशी कधीच येत नाहीत.

क्लोरीनच्या पलीकडचे पाणी

वरूडपुरता आणखी एक प्रश्न उरतो. भूजलाच्या मूल्यमापनात वरूड व मोर्शी तालुके ‘अतिशोषित’ म्हणून नोंदले गेले आहेत, लोकांच्या भाषेत ‘डार्क झोन’. जितके पाणी जमिनीत मुरते त्याहून जास्त आपण उपसतो. संत्र्याच्या बागांसाठी बोअर शेकडो फूट खोल गेले. पिण्याच्या विहिरीची पातळी त्यामुळे खाली जाते, उन्हाळ्यात ती आटते आणि गाव कोणत्या तरी दुसऱ्या, न तपासलेल्या स्रोताकडे वळते. अहवाल जुन्या विहिरीचा आणि पाणी नव्या बोअरचे.

यासाठी कायदा आहे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले. त्यानंतरचा २००९ चा अधिक व्यापक कायदा १ जून २०१४ पासून अमलात आला आणि शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना त्याने मनाई केली. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. वरूडच्या कोणत्याही बोअरवाल्याला हा आकडा सांगून पाहावा, म्हणजे कायदा आणि जमीन यांच्यातले अंतर कळेल. तरीही दोष केवळ बागायतदाराच्या माथी मारणे आम्हांला अन्यायाचे वाटते. ज्याची उभी बाग डोळ्यांदेखत वाळते आहे त्याला कलम दाखवून भागत नाही. त्याच्याशी पाण्याचा हिशोब गावाने मिळून करावा लागतो.

दुसरी बाब नायट्रेटची. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट अधिक असलेल्या देशातल्या प्रमुख १५ जिल्ह्यांत अमरावतीचे नाव आहे. वर्धा, यवतमाळ, बुलढाणा हे शेजारीही त्यात आहेत. नायट्रेट रासायनिक खतांतून, उकिरड्यांतून आणि शोषखड्ड्यांतून येते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये दाखवले की अशा विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेली तान्ही बाळे निळी पडतात, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. येथे घरोघरीचा शहाणपणाचा उपाय उलटतो. पाणी उकळले तर जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. तुरटी, गाळणे, क्लोरीन यांपैकी कशानेही ते जात नाही. आरओ यंत्राने ते कमी होते हे खरे, परंतु अशा यंत्रातून आलेल्या जारच्या पाण्यात क्लोरीनही उरत नाही. न धुतलेल्या जारमध्ये ते पाणी पुन्हा दूषित व्हायला वेळ लागत नाही. बाळ असलेल्या घराने आपल्या विहिरीचे नायट्रेट तपासून घ्यावे, हा सल्ला म्हणूनच शाळेतून घरी गेला पाहिजे.

शाळेचा वाटा

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई रोज ५५ लिटर, मानकानुसार पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची शंभर दिवसांची मोहीम झाली. गावातल्या पाच महिलांना तपासणी-संच वापरण्याचे शिक्षण देण्याची कल्पनाही त्यात आहे आणि ती उत्तम आहे. परंतु मोठ्या योजनेचे यश मोजताना नळ मोजले जातात. नळ मोजणे सोपे असते. पेल्यातले पाणी मोजायला रोज कोणीतरी लागते.

शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा भार आहे, त्यात आणखी एक कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. पाणी सुरक्षित ठेवणे ही ग्रामपंचायतीची व नगरपरिषदेची जबाबदारी आहे, ती शाळेने उचलू नये आणि शाळेने प्रमाणपत्रेही देऊ नयेत. आम्ही सुचवतो ते विज्ञानाचे शिक्षणच आहे.

पहिले, शाळेच्या नळाला उरलेला क्लोरीन महिनाभर रोज मोजावा आणि आलेख काढावा. ऑर्थोटोलिडीनने पाणी पिवळे होते. तो रंग काही सेकंदांतच पाहावा, कारण वेळ गेल्यावर संयुक्त क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. शिवाय ते द्रव्य घातक असल्याचा संशय आहे, म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. डीपीडीच्या गोळ्या मिळाल्यास त्या वापराव्यात, त्यांनी पाणी गुलाबी होते.

दुसरे, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि वीज जाऊन आल्यानंतर हायड्रोजन सल्फाइडची बाटली लावावी. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी जगभर वापरली जाते. बाटलीतले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले तर विष्ठेचे जंतू असण्याचा संशय घ्यावा. काही खोल बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असते, तेथे जंतूंशिवायही रंग येऊ शकतो. म्हणून काळी बाटली हा निकाल न समजता प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याचा इशारा समजावा. बाटली फेकण्याआधी तिच्यात विरंजक चूर्ण घालावे.

तिसरे, मुलांनी गावाचा पाण्याचा नकाशा काढावा. स्रोत, टाकी, नालीतून गेलेले नळ, व्हॉल्व्हचे खड्डे, उकिरडे आणि स्रोतापासून ५०० मीटरचे वर्तुळ. हा नकाशा ग्रामसभेत मांडावा. कोणाच्या बोअरवर बोट न ठेवता नुसते वर्तुळ दाखवले तरी पुरे.

चौथे, शाळेतला माठ. त्यात बुडणारा हात हा नळाइतकाच महत्त्वाचा आहे. लांब दांड्याचे वगराळे ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

आणि ग्रामपंचायतीकडे मागणी एकच असावी. हिरवे कार्ड कचेरीच्या भिंतीवर लागते, ते तेथेच राहू द्यावे. पण टाकीखाली किंवा चावडीवर एक फळा असावा. त्यावर रोज खडूने चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, वेळ, शेवटच्या घरातला उरलेला क्लोरीन आणि मोजणाऱ्याचे नाव. शून्य आले तर शून्यच लिहावे आणि त्या दिवशी पाणी उकळून प्यावे असे खाली लिहावे. शून्य लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होणार नाही, याची हमी ग्रामसभेने द्यावी, नाहीतर फळ्यावरही वॉकर्टनचे आकडे दिसू लागतील.

पाठ्यपुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी ‘रंगहीन, गंधहीन, चवहीन’ शिकवताना त्याखाली फळ्यावर आणखी एक ओळ लिहावी: ‘हे वर्णन शुद्ध पाण्याचे आहे. पिण्याचे पाणी सुरक्षित आहे की नाही हे मोजूनच कळते.’ आणि मग मुलांना विचारावे, आज आपल्या नळाला क्लोरीन किती आहे?